निवलेल्या चुलीचा दगड

केदारखेड्याच्या फाट्यावर भोकरदनच्या गाडीची वाट बघता बघता दहावीतल्या सत्यशीलेला गोड पेंग येत होती. तेवढ्यात मागच्या बोलण्यानं तिचे कान टवकारले.

“दुर्गामामी, तुमच्या शेतात जुनी चूल निघाली, तिचा दगड कुठाय?”

“देव्हाऱ्यात, भुजंगा. धुतला, शेंदूर लावला, तोंड उगवतीला केलं.”

“हात्तिच्या! आपल्या काळ्या दगडात लोखंड असतं, मामी. जाळात तापून निवताना त्यानं तव्हाची होकायंत्राची उत्तर दिशा धरून ठेवलेली, अन् ती दिशा काळागणिक सरकते. खोदकामावरले साहेब त्यावरून चूल किती जुनी ते ताडणार होते. फिरवल्यावर काय कळणार?”

“म्हंजी शेवटचा सैपाक करून ती बाई उठून गेली, आन् दगड अजून तिकडंच बघून राह्यला?”

“बघत होता. तुम्ही मान मुरगाळली त्याची.”

“बाकीचे दोन जागीच हाइत की रे.”

“मंग बिलकुल हलवू नका!”

“अरे देवा! आमचा पुंजाराम आज तिथंच नांगर धरून राह्यला.”

गाडी आली. सत्यशीलेनं पायरीवरून वळून पाहिलं, तर दोघं माघारी निघालेले.

“मावशी, गाडी आली! चढा ना!”

“तू जाय, माय. तिकडं एका बाईची चूल मोडून राह्यली.”