मिरचीच्या रोपाचं इंग्रजी

कोरियातल्या ग्वेसान गावच्या बसथांब्यावर बाजार करून आलेल्या दोन म्हाताऱ्या माझ्या शेजारी टेकल्या. एकीच्या मांडीवर मिरचीची रोपं होती.

“सीडलिंग... सीडलिंग...”

“अगं ग्यूहोची आई, जप कसला चाललाय?”

“रोपाला इंग्रजीत तसं म्हणतात. अमेरिकेहून नात येतेय. तिला आपली भाषा येत नाही.”

“मग या वयात तू इंग्रजी शिकणार? तुझा ग्यूहो सांगेल की लेकीला समजावून.”

“तो म्हणतो, आई, तू नुसती हस. नुसतं हसायला मी काय भिंतीवरचा फोटो आहे? माझ्या वावरात मी तिच्याशी बोलणार, तिच्या हातानं रोपं लावून घेणार!”

“एका शब्दावर?”

“रोप लावायला पुरतो एक.”

“आणि ग्यूहो मध्ये बोलला तर?”

“त्याला सांगेन, बाळा, तू नुसता हस.”