छत्रीच्या दांड्याची सावली

श्रावस्ती: ...आणि शेवटचा भाग म्हणजे सहली, आबा. तेरचं संग्रहालय, नळदुर्गचा किल्ला, कळंबचा बाजार. एसटीत पौर्णिमाचं तिकीट अर्धं, माझं अर्धं आणि पंचाहत्तरी उलटल्यामुळे तुमचं शून्य. म्हणून सहलप्रमुख तुम्ही.

गुलाब: म्हंजी म्या फुकट पडतो म्हनून घेतलंय मला.

श्रावस्ती: अंदाजपत्रकात भावनेला रकाना ठेवलेला नाही.

गुलाब: आन बाकीचं? वर्षभर पोरगी घरात बसून शिकनार ती काय?

श्रावस्ती: सहावीचं गणित सरकारी पुस्तकातून, कारण ते पुस्तक चांगलं आहे. इंग्रजी मोबाईलवरच्या गोष्टी ऐकून. कन्नड शेजारच्या भुवनेश्वरीकडून. बदल्यात मी तिच्या मुलाला भौतिकशास्त्र शिकवणार. कॉलेजातली तासिकेवरची नोकरी गेली, पण विषय काही त्यांनी परत घेतलेला नाही. विज्ञान या अंगणात. एकाच पद्धतीला बांधून घ्यायचं नाही. जिथलं जे पारखून चांगलं निघेल, तेवढंच उचलायचं.

गुलाब: म्हंजी खिचडी.

श्रावस्ती: आपल्या खिचडीत काय घातलंय, ते निदान आपल्याला ठाऊक असतं.

पौर्णिमा: आबा, मला खिचडी आवडती.

गुलाब: तू गप बस. तुज्यापायीच चाललंय सगळं. सूनबाई, आता माजं ऐक. माजा बाप शाळंच्या पायरीखाली बसून बाराखडी शिकला. आपल्याला आत येऊ देत नव्हते. म्या शिपाई झालो, जलमभर त्याच शाळंच्या दारात उभा ऱ्हायलो, घंटा दिली. माजा धम्मपाल तेवढा आत बाकावर बसला. दारातून आत जायला तीन पिढ्या लागल्या. आन तू, एवढी एम.एस्सी. झालेली, पोरीला हाताला धरून बाहेर काढायलीस.

श्रावस्ती: तुमचा आक्षेप खरा आहे. माझ्याजवळ त्याला पुरतं उत्तर नाही. म्हणूनच धम्मपाल पुण्याहून फोनवर म्हणाले, आबा हो म्हणाले तरच. तुम्ही नाही म्हणालात तर जूनमध्ये ती कळंबच्या शाळेच्या गाडीत बसेल, आणि मी हा विषय पुन्हा काढणार नाही.

गुलाब: मग न्हाय.

पौर्णिमा: आबा, पण...

गुलाब: काय वाईट हाय त्या शाळंत? विज्ञानात शंभरातले शहाण्णव पडले की तुला.

श्रावस्ती: माझी तक्रार त्याच शहाण्णवबद्दल आहे. पौर्णिमा, सावलीच्या प्रश्नाला काय उत्तर लिहिलंस?

पौर्णिमा: दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान असते.

गुलाब: बरुबर हाय.

श्रावस्ती: पूर्ण गुण मिळाले. आणि निदान आपल्या येरमाळ्यात तरी ते चूक आहे.

गुलाब: आता कहर झाला. अगं, शाळंतलं घड्याळ सारखं बंद पडायचं, तवा म्या झेंड्याच्या खांबाची सावली बघून जेवनाची घंटा द्यायचो. सावली आखडून बुडाशी आली की बारा. एका हेडमास्तरनं कदी नावं ठेवली न्हाईत.

श्रावस्ती: नावं ठेवली नाहीत, हा पुरावा होत नाही.

गुलाब: मग लाव पैज. बारा वाजायलेच की. अंगणात पोरीनं छत्रीचा दांडा रोवलेला हाय. बाराच्या ठोक्याला सावली बुडाशी आली, तर पोरगी शाळंत.

श्रावस्ती: आणि नाही आली तर?

गुलाब: तर तुजी खिचडी.

श्रावस्ती: एका दांड्यावर वर्ष ठरवणं शास्त्रीय नाही, तरी मंजूर. पण दांडा सरळ आहे का, ते दोऱ्याला दगड बांधून तुम्ही तपासायचं. वेळही तुमच्याच मोबाईलवर बघायची. निकालात माझा स्वार्थ आहे, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नका.

(मे महिन्याचं ऊन डोक्यावर. तिघंही अंगणात, जमिनीत रोवलेल्या दांड्याभोवती.)

गुलाब: हं. झाले बारा.

पौर्णिमा: आन सावली?

गुलाब: हाय अजून. तीन बोटं. भुवनेश्वरीच्या भिंतीकडं.

श्रावस्ती: म्हणजे पश्चिमेला. सूर्य अजून पूर्वेकडेच आहे.

गुलाब: दांडा वाकडा असंल.

पौर्णिमा: दोरा तुमीच धरला की, आबा.

गुलाब: मग माजा मोबाईल पुढं असंल.

श्रावस्ती: शंका रास्त आहे. ऐका, भुवनेश्वरीच्या टीव्हीवर बाराच्या बातम्या आत्ता लागल्या.

गुलाब: थांबा. कुनी हलू नका. येती कवा ते तर बघू.

पौर्णिमा: दोन बोटं राहिली.

गुलाब: डोस्कं तापलं. माजी टोपी आन. न्हाय, नको, हितंच थांब तू.

श्रावस्ती: मी आणते. साक्षीदारांनी जागा सोडू नये.

पौर्णिमा: एक बोट... आबा, खाली वाका. गेली. आता कुठंच न्हाय.

गुलाब: व्हय की. सगळीच गेली.

श्रावस्ती: किती वाजले?

गुलाब: तुला ठाव हाय किती वाजले.

श्रावस्ती: मोबाईल तुमच्या हातात आहे.

गुलाब: बारा बावीस.

पौर्णिमा: लिहू?

गुलाब: लिही. म्हंजी जवा जवा घड्याळ बंद पडलं, तवा म्या शाळंची सगळी पोरं उपाशी ठेवली. तरीच ती घंटंच्या आधी डबे उघडून बसायची. म्या वरडायचो त्यांच्यावर.

पौर्णिमा: न्हाय आबा. तुमची घंटा येरमाळ्याच्या सूर्याला बरुबर होती. घड्याळच आपल्या गावचं न्हाय. सगळ्या देशाला एकच वेळ पायजे म्हणून ती लांब तिकडं मिर्झापूरजवळच्या रेघेवरून धरलीय. ते आपल्या पूर्वेला हाय. तिथं सूर्य आधी डोक्यावर येतो, आपल्याकडं मागनं.

गुलाब: हे शाळंत शिकवलं तुला?

श्रावस्ती: आता सांग त्यांना.

पौर्णिमा: शाळेत मी विचारलं होतं. मधल्या सुट्टीत बाराला माझी सावली पायाशी येत न्हाय, असं का. मॅडम म्हणाल्या, पुस्तकात आहे तेच लिहायचं. मी म्हनलं, मैदानात येऊन बघा की.

गुलाब: मग?

पौर्णिमा: वर्गाबाहेर उभं केलं. तास संपेपर्यंत. म्हणून परीक्षेत पुस्तकातलंच लिहिलं.

गुलाब: बाहेर उभं केलं. तुला.

पौर्णिमा: दाराजवळ. पिंपाच्या बाजूला.

गुलाब: माज्या बापाची पणती, आन वर्गाच्या बाहेर. ते बी डोळ्यांनी बघितलेलं बोलली म्हनून. सूनबाई, हे आदी का न्हाय सांगितलंस?

श्रावस्ती: सांगितलं असतं तर तुम्ही लगेच हो म्हणाला असता. रागानं. मला तो होकार नको होता.

गुलाब: लई अवघड बाई हायस तू.

श्रावस्ती: दिवाळीत मलाही तपासा. तुमच्या शाळेतले शंभुलिंग मास्तर आहेत ना निवृत्त? त्यांना बोलवा. ते विचारतील ते पौर्णिमाला समजावून सांगता आलं नाही, तर मी चुकले. शाळेत वयाप्रमाणे वर्ग मिळतोच. ती परत जाईल.

गुलाब: शंभुलिंग मास्तर कुनाला सोडत न्हाय. हेडमास्तरला बी रडवलंय त्यानं.

श्रावस्ती: म्हणूनच ते.

गुलाब: पौर्णे, माज्या बाजंखाली रुळाचा तुकडा हाय. वड भाईर. दोनी हातांनी धर, जड हाय.

पौर्णिमा: तो घंटेचा?

गुलाब: निवृत्त झालो तवा शाळंत इजंची घंटा आली. हा भंगारात चालला होता, म्या मागून घेतला. लिंबाला टांगू. घंटंबिगर कसली शाळा?

श्रावस्ती: हा खर्च अंदाजपत्रकात नव्हता.

गुलाब: फुकट हाय. माज्यासारखा.

पौर्णिमा: जेवणाची घंटा कवा द्यायची, आबा? घड्याळाच्या बाराला?

गुलाब: सावली आखडली की द्यायची. म्या द्यायचो तसं. आन टोला जरा जोरात हान, भुवनेश्वरीला कळू दे शाळा भरली ते. सूनबाई, माजी बी एक अट हाय आता.

श्रावस्ती: सांगा.

गुलाब: या शाळंत पोरीला वर्गाबाहेर उभं करायचं न्हाय. कसाबी प्रश्न इचारू दे तिला.

श्रावस्ती: वर्ग अंगणातच भरणार आहे, आबा.