एसीवरची स्थगिती

माझ्या सासऱ्यांची जज म्हणून सगळी नोकरी गडचिरोलीकडच्या जंगलातल्या कोर्टांत गेली. रिटायर झाल्यावर ते ऐन जूनमध्ये आमच्याकडे शारजाला आले, आणि आल्या दिवशीच माझं नि बायकोचं एसीवरून जुंपलं. मला अठरा हवा, मेधाला सव्वीस.

"बाबा, तुम्हीच निकाल द्या," मेधा म्हणाली. मुलगी त्यांचीच, म्हणजे मी हरलोच होतो.

बाबांनी दोघांचं शांतपणे ऐकलं आणि उठून एसीच बंद केला. "निकाल लागेपर्यंत स्थगिती."

थोड्याच वेळात आम्ही घामाने निथळायला लागलो.

"बावीस चालेल," मी म्हणालो.

"खलास, ठरलं, बावीस," मेधा म्हणाली.

बाबांनी एसी लावला. मी विचारलं, "पण तुमचा निकाल काय होता?"

"विचारच केला नव्हता. आमच्या कोर्टात पंखा नव्हता. निकालापर्यंत कोणी थांबायचंच नाही."