बुडालेल्या बोटीतला सदरा

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संग्रहालयाचे संचालक साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या बाई, पहिल्या रांगेत संकोचून बसलेले त्यांचे यजमान, आणि मित्रहो,

मी धातू विभागाचा माणूस. नांगर, खिळे आणि गंजलेली कुलपं यांच्याच संगतीत आयुष्य गेलं. चार माणसांसमोर बोलायची सवय नाही. पण आज गप्प बसलो, तर बाई उद्यापासून माझं तोंडही बघणार नाहीत.

बाईंचा विभाग कापडाचा. समुद्राच्या तळातून वर आलेले कपडे लगेच वाळवायचे नसतात, हे पाहुण्यांना कदाचित ठाऊक नसेल. वाळवले, की आतलं मीठ फुलतं आणि कापडाचा भुगा होतो. म्हणून ते गोड्या पाण्यात ठेवायचे आणि मीठ उतरेपर्यंत पाणी बदलत राहायचं. यजमान म्हणतात, "मी शर्ट बादलीत विसरलो तर घर डोक्यावर घेते, आणि इथे भिजवायचा पगार!" काय न्याय आहे हा?

गेल्या वर्षी एका जुन्या प्रवासी बोटीतून पत्र्याची ट्रंक निघाली. ट्रंक माझ्याकडे आली, आतले कपडे बाईंकडे. नाव-गाव काही नाही. सगळ्यात वर घडी घातलेला पांढरा सदरा, बाह्या पाठीमागे एकमेकींत खोचलेल्या. साहेबांना तो प्रदर्शनात ऐटीत पसरून मांडायचा होता. बाई अडून बसल्या. म्हणाल्या, "सदरा कुठल्याही शिंप्यानं शिवला असेल. घडी मात्र घरच्या माणसानं घातलीय. ती एकदा मोडली की संपलं." साहेब, राग मानू नका, पण तेव्हा तुमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता! शेवटी सदरा घडीसकट काचेच्या टाकीत, पाण्यातच मांडला गेला.

आणि एक दिवस एक आजी आल्या. त्या तान्ह्या असताना त्यांचे वडील याच बोटीनं परदेशी नोकरीला निघाले, ते परतले नाहीत. लोक म्हणाले, बोट बुडाली खरी, पण हा चढलाच नव्हता, दुसरा संसार थाटला असेल कुठेतरी. आई मरेपर्यंत सांगत राहिली, "ते बोटीत होते." कुणी ऐकलं नाही. खुद्द आजींनीही नाही.

टाकीच्या काचेला नाक टेकेपर्यंत वाकून त्यांनी सदरा पाहिला. मग म्हणाल्या, "ही आमच्या आईची घडी. मीही अशीच घालते."

मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "आजी, अशी घडी कुणीही घालू शकतं."

"असेल. पण आई सांगायची, कॉलर दबू नये म्हणून तिनं गळ्यात माझं टोपडं गुंडाळून ठेवलं होतं. तिकडे पोचल्यावर त्यांच्या हाती लागावं म्हणून. बघा बरं, आहे का."

बाईंनी पाण्यातच, मऊ ब्रशनं, घडी हळूहळू सोडवली. गळ्यातून लहानसं टोपडं निघालं. पिवळं पडलेलं, एक बंद तुटलेला. आम्हाला साधं बोट लावू न देणाऱ्या बाईंनी आजींचा हात धरून स्वतः पाण्यात नेला. मित्रहो, मी लोखंडाचा माणूस, पण तेव्हा मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

ती घडी बाईंनी प्रदर्शनासाठी मोडू दिली असती, तर टोपडं आजी येण्याआधीच बाहेर आलं असतं, आणि मग आजींच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार होतं? त्या ट्रंकेतल्या इतर घड्या अजून तशाच आहेत, आणि बाईंनी तयार केलेल्या मुली त्यांच्याइतक्याच हट्टी आहेत. मला काळजी नाही.

आपण सगळे आलात, ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते माझ्या पदरात टाका, बाईंच्या नको. आणि बसण्यापूर्वी एक निरोप. आजी आज सभागृहात आहेत. आत येताना त्यांनी मला बजावलं, "माईकवरून सांग, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

तर मंडळी, आजींच्या बाबांनी कुणालाही टाकलं नव्हतं. ते बोटीत होते.