डावीकडं घे

लातूरच्या बसस्थानकात कस्तुराबाई कंधारच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारी विमान चालवायला शिकणारी तनुजा अन् तिला घरी न्यायला आलेला तिचा बाप. कस्तुराबाईचे कान तिकडंच.

"बस झालं इमान. चल घरी."

"तात्या, धुकं होतं. आपण कुठं हाय तेच कळंना."

"अन् ते दुसरं इमान?"

"एकदम समोर आलं. मी डावीकडं वळवलं."

"बरोबर केलंस की!"

"न्हाई. वर आभाळात दोघांनीबी आपापल्या उजवीकडं वळायचं असतं. तो वळला, मी चुकले. दोघं एकाच बाजूला. त्याची चाकं डोक्यावरून गेली."

"शिकवलं न्हवतं का?"

"शिकवलंय. पर भ्यालं की हात आपोआप डावीकडं जातो."



"स्कुटी मीच शिकवली तुला. समोरून कुणी आलं की डावीकडं घे, म्हणून लई ओरडायचो."

"हाव."

कंधारची गाडी लागली. पोरीनं बॅग उचलली.

"तू न्हाई. तू माघारी जा, इमान शिकायला."

"हात ऐकत न्हाई, तात्या."

"ऐकंल. उजवीकडं जायला शिकव त्याला."

बाप एकटाच गाडीत चढला, खिडकीशी बसलेल्या कस्तुराबाईच्या शेजारी टेकला. गाडी हलली तसा तो तिच्या अंगावरून खिडकीबाहेर वाकला.

"तनू! उजवीकडं गं!"

"अंगावर किती येताव, पाव्हणं? ऐकू गेलं पोरीला," कस्तुराबाई म्हणाली. "बघा, हात वर केलाय तिनं. उजवाच हाय."