कडेच्या पट्टीतली पहिली ओळ

(मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. सन २००८, ऑगस्ट महिना. शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी वडगाव रासाई हे गाव. तिथल्या वाचनालयात एक जुना संगणक आहे आणि त्यावर गावाची वेबसाईट. संगणकापुढे आठवीतली तहमीना बसली आहे. शेजारी निवृत्त शिक्षक हौसराव गुरुजी. दारात शेतकरी तात्याबा उभे आहेत, पाय चिखलाने भरलेले. तुम्हीही हळूच या आणि बाकावर बसा.)

तात्याबा : ...आन् तीन गडी लावून नदीतली मोटर वर काढली म्हणतो मी. पाइप सोडलं, दोर लावला, कंबर मोडली. मग नदीकडं बघत बसलो. पानी चढायचा पत्ता न्हाई.

गुरुजी : कधीची गोष्ट ही?

तात्याबा : सोमवारची. आज गुरुवार. कांद्याच्या रोपाला पानी न्हाई, दोन वाफं करपलं. माझं ऐकून सरूबाईनं काढली, ज्योतिबानं काढली. आता ती दोघं मला बघून तोंड फिरवत्यात.

गुरुजी : पाणी सोडल्याचं तुम्हाला सांगितलं कुणी?

तात्याबा : माझ्या लेकीनं, सोनमनं. दौंडला हापिसात असती, तिथनं ही साईट बघती आन् मला फोन लावती. म्हणली, आबा, कडंला पहिल्याच ओळीत हाय, भीमेला पानी सोडलं, मोटरी वर घ्या. तारीख बी आजचीच हाय.

गुरुजी : बसा तुम्ही. चहा सांगतो.

तात्याबा : चहा नगं. मेंढरं राखीत होतो तवाच बरं होतं. पानी चढलं की मेंढरू आपल्या पायानं वर यायचं. मोटरीला पाय न्हाईत, गुरुजी.

गुरुजी : खरं आहे. तहमीना, ही कडेची पट्टी जूनमध्ये तूच बसवलीस ना?

तहमीना : व्हय.

गुरुजी : मग आबांना सांग बरं, ती कशी चालते.

तहमीना : साईटवर नवीन काय लिहिलं की त्याचं नाव कडंला येतं. आपोआप. पाचच ओळी ठेवल्यात. सहावं आलं की सगळ्यात जुनं पट्टीतनं जातं.

तात्याबा : कुठं जातं?

तहमीना : आतच असतं, आबा. शोधलं तर सापडतं.

गुरुजी : आणि वर कोण, खाली कोण, हे पट्टी कशावरून ठरवते?

तहमीना : तारखेवरनं.

गुरुजी : ही पाण्याची सूचना कुणी लिहिली आहे?

तहमीना : लाईट चारला जाणार हाय, गुरुजी.

गुरुजी : अजून पाऊण तास आहे. उघड ती.

तहमीना : अझरभाईनं लिहिलीया.

तात्याबा : कोन अझर? जळलेल्या मोटरी भरून देतो त्या गनीचा?

तहमीना : व्हय. माझा भाई.

तात्याबा : अगं, त्याला जाऊन वरीस होत आलं.

गुरुजी : मग तिच्यावर या सोमवारची तारीख कशी आली, बाळ?

तहमीना : मी घातली.

गुरुजी : फक्त सोमवारी?

तहमीना : रविवारपासनं रोज घालते. हितं येते, त्याचं पान उघडते, तारीख आजची करते. मग ते वर राहतं.

तात्याबा : म्हंजी आज बी?

तहमीना : आज बी केली. मगाशीच.

तात्याबा : पोरी, असं कसं केलंस गं.

गुरुजी : तात्याबा, थांबा जरा. ती सांगेल.

तहमीना : जूनला पट्टी बसवली तवा पाचही ओळी त्याच्याच होत्या. त्यो गेल्यावर कुणी काय लिहिलंच नव्हतं. अम्मीला आणून दाखवलं. तिला वाचता येत न्हाई, तिनं बोट लावून मोजल्या. पाच. मग ग्रामसभेचं आलं, खताचं आलं, शाळेचं आलं, रस्त्याचं आलं. त्याची एकेक खाली सरकत गेली. अम्मी रोज विचारायची, किती राहिल्या. चार. तीन. शनिवारी एकच होती, सगळ्यात खाली. आन् तुम्ही लसीकरणाचं टाकायला सांगितलं.

गुरुजी : मला सांगायचं होतंस.

तहमीना : काय सांगू? गावाला लस नगं म्हणून?

तात्याबा : पाचाच्या जागी धा कर की.

तहमीना : मग अकरावं येईल, आबा.

गुरुजी : त्याचं वेगळं पान करता येईल. त्याने लिहिलेलं सगळं एका ठिकाणी.

तहमीना : तसली पानं मेलेल्यांची असत्यात. पट्टीत बघितलं की वाटतं, आत्ताच लिहून कामावर गेलाय.

तात्याबा : सणसवाडीच्या कंपनीत होता न्हाई का?

तहमीना : व्हय. चहाची सुट्टी झाली की तिथनं पाटबंधाऱ्याच्या हापिसात फोन लावायचा. पाणी सोडणार असलं की तिथल्याच सायबर कॅफेत जाऊन लिहायचा. अब्बा म्हणायचे, तू लिहितोस आन् माझा धंदा बसवतोस. मोटरी बुडल्या न्हाईत तर मी भरू काय?

तात्याबा : गनी तसंच बोलायचा. सगळ्यांम्होरं बोलायचा, आन् छाती फुगायची त्याची. गेल्या साली त्याच सूचनेनं माझी मोटर वाचली. वर घेतली, घरी येऊन हातपाय धुतलं, आन् कळलं की पोरगं नगर रोडला गाडीवरनं पडलं.

गुरुजी : तहमीना, त्याची साईटच्या कामाची वही अजून आहे तुझ्याकडे?

तहमीना : दप्तरात हाय.

गुरुजी : करायच्या कामांच्या यादीत त्याने ही पट्टी लिहिली होती. पुढे काय लिहिलं होतं?

तहमीना : पाठ हाय मला. 'कडेला पट्टी. नवीन पाच. कुठलंही पान उघडलं तरी पाण्याची बातमी दिसली पाहिजे.'

गुरुजी : मला दुपारी पाटबंधारे खात्यातून फोन आला होता. उद्या सकाळी दहाला पाणी सोडणार आहेत. ते लिहून घ्यायलाच तुझी वाट बघत होतो, तेवढ्यात तात्याबा आले.

तात्याबा : उद्या? मी कालच मोटर परत खाली बसवली. आन् आता कोन ऐकंल? सोनमच म्हणंल, आबा, परत तेच लिहिलंय, सोडा.

तहमीना : तेच न्हाई लिहायचं.

गुरुजी : आधी जुनी सूचना तिच्या जागी गेली पाहिजे. तिची खरी तारीख घातलीस की काय होईल, माहीत आहे ना?

तहमीना : व्हय. ती सहावी होईल. वरनं एकदम भाईर.

गुरुजी : मी करू?

तहमीना : न्हाई. मी करते.

गुरुजी : सावकाश.

तहमीना : बारा. सप्टेंबर. दोन हजार सात.

तात्याबा : झालं?

तहमीना : दाबलं न्हाई अजून.

गुरुजी : बरं.

तहमीना : दाबलं. गेलं, गुरुजी.

गुरुजी : हं. आता नवीन पान उघड. मी सांगू का काय लिहायचं?

तहमीना : मला येतं. 'उद्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता भीमेला पाणी सोडणार आहेत. आज अंधार पडायच्या आत मोटरी वर घ्या. रविवारपासून दिसत होती ती सूचना गेल्या वर्षीची होती. तिची तारीख मी बदलली होती. तहमीना गनी शेख, आठवी.'

गुरुजी : शेवटची दोन वाक्यं काढलीस तरी चालेल. मी लोकांना सांगेन.

तहमीना : राहू द्या. न्हाईतर ही बी खोटी वाटंल.

तात्याबा : सोनमला मी फोन लावतो. सरूबाईला आन् ज्योतिबाला जाता जाता सांगतो, शिव्या खाईन दोन. गनीला बी घेतो हाताखाली, एक गडी कमी पडतो मला. पोरी.

तहमीना : काय, आबा?

तात्याबा : काय न्हाई. रोप परत टाकता येतं.

गुरुजी : तू बस जरा. पाणी पी.

तहमीना : न्हाई गुरुजी, घरी जाते.

गुरुजी : अम्मीला उद्या सांगितलंस तरी चालेल.

तहमीना : ती दारात बसली असंल. तिनं विचारायच्या आधीच सांगते.