नानांच्या मनगटावरचं घड्याळ

माझं धावणं बंद करण्याचा ठराव भरीत पार्टीत झाला, ऐका. सोनगीरच्या चढावर माझे ठोके एकशे साठवर गेल्याची नोंद नवऱ्याने घड्याळात दाखवली, आणि चुलतसासरे नाना गरजले, "सूनबाई, पन्नाशीत हाऊ काय खेळ शे? बठ्ठं बंद!"

नाना तेव्हा भाजलेली वांगी मुसळाने ठेचत होते. मी घड्याळ त्यांच्याच मनगटावर बांधलं. मनगटावरचा आकडा काटेकोर नसतो, हे मी जाणते. पण माझा त्यांनी मान्य केला होता. थोड्याच वेळात त्यांचा आकडा माझ्याही वर गेला.

"हाई तं मेहनत शे!" नाना धापा टाकत म्हणाले.

"माझीही मेहनतच आहे. तुम्ही मुसळ खाली ठेवाल, त्या दिवशी मी बूट काढेन."

नानांनी घड्याळ तेवढं परत केलं, मुसळ नाही.